सोन्याचा पलंग, संत्र्याचा ज्यूस आणि घानाचा अर्थमंत्री

परवा संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीचेच आम्ही चौघं, कटिंग नुकतंच आलेलं, आणि समोर कुठल्यातरी मंत्र्याचा ताफा जायचा म्हणून पोलिसांनी वीस मिनिटं ट्रॅफिक अडवून धरलेलं. बाळ्याची बायको नेमकी त्याच गर्दीत अडकलेली, तिचे फोनवर फोन, त्यामुळे बाळ्या पेटला. म्हणे मंत्री झाला की माणूस कामातून गेलाच समजा, कुठलाही देश घ्या. आता कुठलाही देश म्हटल्यावर पक्या गप्प बसतोय होय, तीन वर्षं घानात टेमा बंदराजवळ नोकरी करून आलाय तो, त्याला निमित्तच लागतं.

पक्याने आधी बाळ्याच्याच बाजूने तेल ओतलं. घाना स्वतंत्र झाला 6 मार्च 1957 ला, नेता एन्क्रुमा, रोज समाजवादाची भाषणं, आणि 1962 मध्ये क्रोबो एडुसेई नावाच्या मंत्र्याच्या बायकोने लंडनमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला पलंग घेतला, 3,000 पाउंडांचा. बोंबाबोंब झाली, पलंग परत करायला लावला, नवऱ्याचं मंत्रिपद गेलं.

"झालं की मग!" बाळ्या खूश.

मास्तर (रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी शिकवायची खाज आहे) म्हणाले, अरे एका पलंगावरून आख्खं मंत्रिमंडळ मोजतोस काय, त्याच मंत्रिमंडळात ग्बेडेमा पण होता. आता हे नाव ग आणि ब एकदम म्हणून उच्चारायचं असतं म्हणे, पक्याने करून दाखवलं, आम्ही तिघांनीही ट्राय केलं, नंदूचा चहा शर्टावर. असो.

तर हा कोम्ला ग्बेडेमा पहिला अर्थमंत्री. एन्क्रुमा जेलमध्ये असताना त्याची पार्टी यानेच चालवली, साहेब आतून टॉयलेट पेपरवर चिठ्ठ्या लिहून बाहेर पाठवायचे आणि हा निवडणूक लढवत होता. 1951 ला एन्क्रुमा जेलमध्ये बसून राजधानी आक्रातून निवडून आला, 23,122 पैकी 22,780 मतं. पुढे स्वातंत्र्याच्याच वर्षी, ऑक्टोबरात, हा अर्थमंत्री अमेरिकेत डोव्हर नावाच्या गावी हॉवर्ड जॉन्सनच्या हॉटेलात थांबला आणि ज्यूस मागवला. काउंटरवरच्या मुलीने ग्लास पार्सल करून दिला, काळ्यांना इथे बसून पिता येत नाही म्हणाली. याने पैसे टाकले, ज्यूस तिथेच ठेवला आणि बाहेर पेपरवाल्यांना सांगितलं की तुमचा उपराष्ट्राध्यक्ष निक्सन माझ्या घरी जेवू शकतो आणि मला तुमच्या रस्त्यावरच्या हॉटेलात ज्यूस पिता येत नाही? झालं, आयसेनहॉवरने थेट व्हाइट हाउसमध्ये नाश्त्याला बोलावलं. त्या टेबलावर याने घानातल्या व्होल्टा नदीवर बांधायच्या धरणाचा विषय काढला. पक्या म्हणाला त्या धरणाचा तलाव मी पाहिलाय, आपल्या आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा मोठा, पलीकडचा काठ दिसत नाही. सुमारे 80,000 माणसं उठवली त्यासाठी, ते पण सांग ना, मी म्हटलं. त्यावर पक्या जरा गप्प.

"म्हणजे हा हिरो," मास्तर.

नंदू इतका वेळ शर्ट पुसत होता. कोर्टात जन्म गेलेला माणूस, त्याने एकच विचारलं, घानातला तो विनाखटला पाच वर्षं आत टाकायचा कायदा कधीचा हो मास्तर? 1958 चा. तेव्हा तुमचा हिरो कुठे होता? मास्तर चाचरले. कुठे असणार, मंत्रिमंडळातच होता.

इथून खरी जुंपली. मास्तरांचं म्हणणं, 1961 मध्ये वेगळं विशेष कोर्ट काढायचं बिल आलं तेव्हा तो पार्लमेंटमध्ये उभा राहून विरोधात बोलला, कधीही उचलतील हे माहीत असून बोलला, याला छाती लागते. नंदू म्हणाला छाती लागते पण तारीख बघा ना, मे मध्ये अर्थखातं काढून आरोग्य दिलं, सप्टेंबरात घरी बसवलं, मग ऑक्टोबरात कंठ फुटला. खुर्ची असताना 1958 ला का नाही फुटला? मला विचाराल तर मी नंदूच्या बाजूचा, पण हेही खरं की बाकीचे तेवढंही बोलले नाहीत.

ग्बेडेमा त्यानंतर देश सोडून पळाला म्हणून वाचला. परराष्ट्रमंत्री आको आजेईचं ऐका. लंडनला असलेल्या एन्क्रुमाचं नाव 1947 मध्ये डांक्वा नावाच्या नेत्याच्या पार्टीच्या सेक्रेटरीपदासाठी यानेच सुचवलेलं. 1 ऑगस्ट 1962 ला कुलुंगुगू गावात एन्क्रुमावर बाँब पडला आणि कटाच्या आरोपाखाली हाच आत. कोर्टाने निर्दोष सोडलं तर एन्क्रुमाने चीफ जस्टिसलाच काढलं, परत खटला, फाशी, मग फाशीची वीस वर्षं. 1966 ला लष्कराने एन्क्रुमाला उलथवलं तेव्हा बाहेर आला. आणि ज्यांच्या पार्टीसाठी हे नाव सुचवलेलं ते डांक्वा तर 1965 मध्ये जेलातच वारले.

बाळ्या एव्हाना थंड झालेला, बायको घरी पोचल्याचा मेसेज आला होता. म्हणाला त्या ग्बेडेमाचं काय झालं मग? परत आला, 1969 ला स्वतःची पार्टी काढली, 140 पैकी 29 जागा, स्वतः निवडून पण आला, पण जुन्या पैशांच्या चौकशीचा ठपका दाखवून त्याला सीटवर बसूच दिलं नाही.

"आणि पलंगवाला?"

पक्या हसायला लागला. तो? त्याला एन्क्रुमाने पुन्हा मंत्री केला. शेतीखातं दिलं.

नंदूने आणखी चार कटिंग सांगितले, पैसे बाळ्याच्या नावावर.