उन्हाळ्यात एसएसडीतला डेटा उडतो? खुलासा

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : जुन्या लॅपटॉपला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारा, चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) बसवू नका, मे महिन्यात आठवडाभर बंद राहिला तर उन्हाने सगळा डेटा उडतो. हे खरं नाही.

या भीतीचं मूळ जेडेक या मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एका मानकात आहे. घरगुती वापराच्या एसएसडीने वीज नसताना 30 अंश सेल्सिअसला 1 वर्ष डेटा सांभाळावा, अशी त्यातली अट. तापमान वाढलं की हा काळ घटतो, हेही खरं. पण ही अट आहे डेटा लिहून लिहून पुरत्या झिजलेल्या ड्राइव्हसाठी! 2015 साली बातम्यांतून नेमका हाच भाग गळाला आणि 'आठवड्यात डेटा गायब' एवढंच उरलं. नव्या ड्राइव्हची ती गत नसते. चालू असतानाही बहुतेक एसएसडी 70 अंशांपर्यंत काम करतात. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची मर्यादा साधारण 60.

सॅटा 2 (ड्राइव्ह जोडायच्या सॅटा जोडणीची जुनी, संथ आवृत्ती) असलेल्या जुन्या मशीनवर नव्या सॅटा 3 ची एसएसडी चालते. वेग निम्म्यावर अडतो, तरी फरक लगेच जाणवतो. असल्या मेसेजपायी कुणा विद्यार्थ्याच्या घरच्यांनी नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढू नये, म्हणून हे लिहितोय. बदलण्याआधी बॅकअप मात्र घ्याच.