काका, जरा उजेडातून बाजूला व्हाल?

खिडकीतल्या उजेडात काढलेले, काचेच्या पेल्याचे आणि नाशपतीचे माझे छायाचित्र काल इमारतीच्या ग्रुपवर टाकले. त्यावर एकुलता एक प्रतिसाद आला, आणि तो "दिवे गेले होते का?" असा होता. त्याच पेल्याचे, त्याच नाशपतीचे, त्याच दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकांनी मोबाइलच्या फ्लॅशने उडवलेले छायाचित्र मात्र अंगठे, टाळ्या आणि पुष्पगुच्छांच्या चित्रांखाली अजून दबलेले आहे. मला असूया वाटत नाही. मला नाशपतीची दया येते.

मांडणी साधी होती. डाव्या हाताला खिडकी, तिच्यावर पातळ पांढरा पडदा. मेजावर अर्धा भरलेला पेला, नाशपती आणि सहज पडले आहे असे वाटावे म्हणून बराच वेळ खपून चुरगळलेले कापड. उजवीकडे, सावलीत थोडा उजेड परत टाकण्यासाठी पांढरा पुठ्ठा. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८, शटर अर्धा सेकंद उघडे. खोलीतले दिवे बंद होते, कारण उजेडाचा रंग ज्या केल्विनमध्ये मोजतात त्या मापाने दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा असतो आणि घरातला पिवळा दिवा २७०० च्या आसपासचा, आणि कॅमेऱ्याला या दोहोंपैकी एकालाच पांढरे मानता येते. दुसरा मग निळा किंवा नारिंगी होऊन त्या अपमानाचा सूड उगवतो. हे सगळे जुळून आले आणि दारावरची घंटा वाजली.

"अगं, अंधारात काय करत बसली आहेस?" असे म्हणत काका आत आले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी भिंतीवरचे बटण दाबले.

"काका, दिवा नको आहे. मी फोटो काढते आहे."

"फोटो काढतेस म्हणूनच तर लावला."

मी त्यांना दोन उजेडांच्या दोन रंगांचे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, आधी खिडकीकडे आणि मग दिव्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मला तर दोन्ही पांढरेच दिसतात." यातला चीड आणणारा भाग असा, की त्यांचे म्हणणे खरे होते. आपला मेंदू हा फरक आपल्या नकळत दुरुस्त करत असतो, त्यामुळे ज्या गोष्टीसाठी मी घरभर दिवे मालवत फिरते, ती गोष्ट माझ्याखेरीज फक्त कॅमेऱ्याला दिसते, आणि कॅमेरा साक्ष द्यायला उभा राहत नाही.

दिवा मालवला. काकांनी आता पडदा सारला. "उजेड हवा म्हणतेस आणि उजेडच अडवून ठेवतेस?" ऊन थेट मेजावर आदळले आणि नाशपतीमागे तिच्याहून लांब, धारदार, काळीकुट्ट सावली पडली. मी पडदा परत ओढत म्हटले, की सूर्य कितीही प्रचंड असला तरी आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, आणि उजेडाचा उगम जितका लहान दिसेल तितकी सावलीची कड तीक्ष्ण होते. पडदा लावला की उजेड पडद्याच्या सगळ्या अंगातून येतो आणि तो जवळ असल्यामुळे सावली मऊ पडते.

"म्हणजे पडदा सूर्यापेक्षा मोठा?"

"नाशपतीच्या दृष्टीने, हो."

काकांनी नाशपतीकडे बराच वेळ पाहिले. "असं तिनं सांगितलं का तुला?"

एवढ्यावर पाहुणा परत गेला असता, पण काकांना मदत करायची होती. सावली मऊ हवी आहे एवढे त्यांनी त्या सगळ्यातून उचलले होते, म्हणून पांढरा पुठ्ठा बाजूला ठेवून त्याच्या जागी ते स्वतः उभे राहिले. त्यांच्या अंगात लालभडक सदरा होता. उजेड ज्या वस्तूवरून उसळी घेतो तिचा रंग बरोबर घेऊन येतो, हे मी कितीदा तरी वाचले होते, पण इतक्या ठसठशीतपणे पाहिले नव्हते: पेल्याच्या पाण्यात लाल पट्टा उमटला आणि हिरव्या नाशपतीच्या गालावर लाली चढली. काका उजळले. "बघ! मी उभा राहिलो तर फळ पिकलं!"

मी त्यांना तिथून हलायची विनंती केली. ते हलले आणि थेट खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. सिकंदर भेटीला आला आणि हवे ते माग म्हणाला तेव्हा ऊन खात पडलेल्या डायोजिनीसने 'माझ्या उन्हातून जरा बाजूला हो' एवढेच मागितले, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. त्या तत्त्वज्ञाच्या बाणेदारपणाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले. पण सिकंदर त्यानंतर आशिया जिंकायला निघून जाणार होता, वरच्या मजल्यावर राहायला जाणार नव्हता. जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाला असे वाक्य ऐकवून दाखवणारा तत्त्वज्ञ अजून जन्माला यायचा आहे. मी फक्त "काका, चहा घेणार?" असे विचारले, आणि ते "घेईन की" म्हणून तिथेच उभे राहिले.

माणूस चित्रातून नाहीसा करण्याचा एक जुना उपाय आहे. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसमधल्या एका रस्त्याचे छायाचित्र वरच्या खिडकीतून घेतले. त्याला कित्येक मिनिटे लागली, आणि तेवढ्यात इकडून तिकडे गेलेली माणसे व गाड्या पुसल्या जाऊन रस्ता ओसाड दिसू लागला. उमटला तो मुख्यतः बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. अडचण अशी, की काका हे त्या माणसाच्या जातकुळीतले आहेत. मी शटर दिवसभर उघडे ठेवले असते, तरी ते स्पष्ट आले असते.

चहा संपल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला, "सरक" म्हणाले आणि फ्लॅश मारला. नाशपतीची गोलाई नाहीशी झाली, पेल्यावर पांढरा ठिपका आला, मागच्या भिंतीवरचा लोंबणारा चार्जर दिमाखात उठून दिसला. "आलं की! एवढा वेळ काय करत होतीस?" याच छायाचित्राला ते पुष्पगुच्छ मिळाले. एकाने तर चार्जर कोणत्या कंपनीचा, असेही विचारले.

हसण्यावारी नेते आहे खरी, पण हे मला लागले आहे. उजळ म्हणजे चांगले आणि गडद म्हणजे बिघडलेले, ही समजूत कुणी कुणाला शिकवली आहे? नाशपती गोल आहे हे तिच्या सावलीच्या बाजूने कळते. दोन्ही बाजूंना सारखाच उजेड ओतला की उरते ते नाशपतीच्या आकाराचे कातरण. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी १९४० पासून पुढे कित्येक वर्षे प्राग शहरातल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीची आणि तिच्या कठड्यावरच्या वस्तूंची छायाचित्रे घेतली, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला असताना घेतली, आणि त्यांतली पुष्कळशी चांगलीच काळोखी आहेत. आमच्या ग्रुपवर त्यांनाही वायरमनचा नंबर मिळाला असता.

खिडकीतला उजेड फुकट असतो, असे सांगणाऱ्यांविषयीही मला बोलायचे आहे. उजेड फुकट असेल, खिडकी नसते. घरातल्या चांगल्या खिडकीवर आधीपासून वाळत घातलेल्या कपड्यांचा, कुंड्यांचा आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा हक्क असतो, आणि त्या सगळ्यांना उठवून मेज मांडेपर्यंत सूर्य तासाला १५ अंश या आपल्या गतीने पुढे सरकलेला असतो. त्यातल्या त्यात ढगाळ दिवस बरा, कारण तेव्हा सबंध आकाशच पडद्याचे काम करते आणि उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. पण नेमक्या त्याच दिवशी खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस सवयीने भिंतीवर हात फिरवतो. म्हणून आज सकाळी आभाळ भरून आलेले पाहून मी बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर 'कृपया दिवा लावू नये' असे ठळक अक्षरांत लिहिले. दुपारी पाहते तो पट्टी नीट सोलून मेजाच्या कडेला चिकटवून ठेवलेली होती, आणि ती वाचता यावी म्हणून दिवा लावलेला होता.