बुद्धी पाच

दर शनिवारी संध्याकाळी सहा ते दहा या वेळात मला मूर्खासारखे वागावे लागते आणि ते मला अजिबात जमत नाही, ही माझी तक्रार आहे. आठवड्यातल्या उरलेल्या वेळात तुला ते बिनबोभाट जमते, असे घरच्यांचे म्हणणे आहे. परंतु आपसूक घडणारा मूर्खपणा आणि ठरवून, नियमाला धरून, चार जणांच्या देखत करायचा मूर्खपणा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे त्यांना कळत नाही, कारण ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत नाहीत.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली हा खेळ आणला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावाहून तो कोथरूडच्या आमच्या दिवाणखान्यात पोहोचायला चाळीसहून अधिक वर्षे लागली. एक जण डन्जन मास्टर, म्हणजेच डीएम, होऊन गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होऊन ‘मी आता दार उघडतो’ असे जाहीर करत राहतात. दार उघडले की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण प्रत्येक पात्राला आकड्यांत मोजून दिलेले असतात. दहावीच्या गुणपत्रिकेनंतर इतक्या निर्दयपणे मला कुणी मोजले नव्हते.

आम्ही खेळतो ती 2014 साली आलेली पाचवी आवृत्ती. तीत सहा बाजूंचे चार साधे फासे टाकून सर्वांत लहान आकडा वगळायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची, असे सहा वेळा करून आलेले आकडे हव्या त्या गुणांना वाटायचे, अशी दयाळू पद्धत आहे. एवढी सवलत असूनही माझ्या एका फेकीत एक, एक, दोन, दोन पडले. पाच किंवा त्याहून कमी बेरीज येण्याच्या शक्यता 1296 पैकी अवघ्या 15 आहेत, ही माहिती आमच्या गटातल्या सनदी लेखापालाने मोबाईलवर आकडेमोड करून मला न विचारता पुरवली. तो पाच कुठेतरी खपवणे भाग होते. माझे पात्र बार्बेरियन, म्हणजे कुऱ्हाड घेऊन संतापणे हाच ज्याचा व्यवसाय असा योद्धा, आणि त्याचे बुद्धीवाचून काही अडत नाही (2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर त्याला लिहिता-वाचताही येत नसे), म्हणून तो पाच मी बुद्धीच्या रकान्यात ढकलला आणि पात्राचे नाव धोंडू ठेवले. ताकद 18, बुद्धी 5; म्हणजे डोके चालवण्याच्या प्रत्येक प्रसंगी फाशाच्या आकड्यातून तीन वजा. याच खेळाच्या पुस्तकात वानराची बुद्धी 6 दिलेली आहे.

पहिल्या शनिवारी मी धोंडूला क्रियापदांशिवाय बोलायला लावले. “धोंडू भूक. धोंडू मार. वाईट माणूस.” दोन तास हे ऐकल्यावर आमच्या चोराने, म्हणजे चोराची भूमिका करणाऱ्या मैत्रिणीने, हा ढ आहे की तार खात्यात नोकरीला होता, असे विचारले. तिचे खरेच होते. ज्यांचा शुद्धलेखनाशी छत्तीसचा आकडा आहे असे कितीतरी लोक बुद्धीने तल्लख असतात आणि अत्यंत निर्दोष, प्रवाही मराठीत निर्बुद्ध बोलणारी माणसे तर मी रोज कार्यालयात पाहतो. दुसऱ्या शनिवारी मी तोडफोडीचा मार्ग धरला: दिसेल ती कळ ओढायची, दिसेल ती बाटली प्यायची. त्यात पुरोहित दोनदा मरता मरता वाचला, आणि ‘माझे पात्रच तसे आहे, मी काय करू’ हा माझा बचाव मलाही ऐकवेना.

खरी अडचण मला तिसऱ्या महिन्यात उमगली. या खेळात बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि धोंडूच्या शहाणपणात मी बेसावधपणे 14 लिहून बसलो होतो. त्याला पाढे येत नव्हते, पण समोरचा खोटे बोलतो आहे हे कळत होते. नकाशा वाचता येत नव्हता, पण पाऊस येणार हे सांगता येत होते. असा माणूस मूर्ख नसतो. त्याला कमी गोष्टी ठाऊक असतात आणि त्या ठाऊक गोष्टींवर तो ठाम उभा असतो. हे साधण्यासाठी आधी सगळे समजून घ्यायचे, मग त्यातले धोंडूला काय समजले असेल ते वेगळे काढायचे आणि तेवढ्यावरच बोलायचे, असा दुहेरी हिशेब क्षणाक्षणाला ठेवावा लागतो. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याला निदान वाट तरी ठाऊक असते. मला वाट ठाऊक असून चुकायची होती, तीही पटेल अशा रीतीने.

या यातनांचा कळस झाला तो दगडी दाराशी. भुयाराच्या तळाशी एक बंद दार होते आणि त्यावर कोरलेला चेहरा बोलू लागला. डीएमने आवाज घोगरा करून कोडे घातले, “पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब. ओळखा पाहू मी कोण?” मांत्रिकाची बुद्धी 18, आणि मांत्रिक खेळणारे आमचे सनदी लेखापाल शिकलेले इंग्रजी माध्यमात, त्यांनी ‘साधू’ म्हणून पाहिले. पुरोहिताने ‘बोकड’ म्हटले. चोर ‘वडाचे झाड’ म्हणाली आणि पारंब्यांवर पाच मिनिटे बोलली. मला उत्तर माहीत होते. दुसरीत असल्यापासून माहीत होते. ते जिभेच्या टोकावर येऊन बसले होते आणि बुद्धी 5 असल्यामुळे मला ते गिळून टाकावे लागत होते. पंचवीस मिनिटे मी पेन्सिलीचे मागचे टोक चावत बसलो. शिंक अडवून धरलेल्या माणसाचा चेहरा जसा होतो तसा माझा झाला असावा, कारण डीएमने मध्येच मला पाणी हवे का, असे विचारले.

तेवढ्यात आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. “अरे, कणीस!” ती म्हणाली. “मक्याचं कणीस. एवढं येत नाही तुम्हाला? आणि तू रे? लहानपणी येईल त्या पाहुण्याला हेच घालत होतास ना?”

खोलीत शांतता पसरली. तिघांनीही माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी भिशीचे पैसे खाल्ले असते तरी याहून वेगळी नसती. मला येत होते, पण धोंडूला येत नव्हते, हे मी परोपरीने सांगितले. आईला ते पटले नाही. “येतं ते सांगायचं नाही, असला कसला खेळ?” असे म्हणून ती लिंबाच्या फोडी आणायला गेली.

डीएमने मग निवाडा दिला: काकू पार्टीत, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीत, नाहीत, सबब त्यांचे उत्तर ग्राह्य नाही, आणि ते आता खेळाडूंनी ऐकले असले तरी पात्रांनी ऐकलेले नाही, त्यामुळे कुणालाही ते वापरता येणार नाही. उत्तर ठाऊक असून तोंड मिटून बसण्याची पाळी अशा रीतीने तिघांवर आली, आणि मी पहिल्यांदाच चवीने पोहे खाल्ले. खाता खाता माझ्या लक्षात आले की धोंडूला यात कोडे असे काही दिसणारच नाही. समोरचा माणूस राम राम म्हणतो आहे आणि अर्धा तास झाला तरी त्याला कुणी उलट राम राम घातलेला नाही, एवढेच त्याला दिसेल, आणि त्याची लाज वाटेल. “धोंडू पुढे होतो,” मी म्हणालो, “आणि दाराला हात जोडून म्हणतो, राम राम, पाटील. घरची सगळी बरी आहेत ना?”

डीएम बराच वेळ वहीत पाहत राहिला. वहीत असे काही लिहिलेले नसणार. मग त्याने दार उघडले.

त्यानंतर काही आठवडे धोंडूचे बरे चालले होते. पण एका खजिन्यात बुद्धीचा पट्टा सापडला. हा पट्टा डोक्याला बांधला की बांधणाऱ्याची बुद्धी सरळ 19 होते. मांत्रिकाची 18, त्याला एका गुणाचाच फायदा. म्हणून सर्वांनी उदार होऊन तो धोंडूला दिला. माझी स्वतःची बुद्धी 19 नाही, याचा विचार कुणी केला नाही. पुढच्या लढाईच्या आधी डीएमने विचारले, “मग, धोंडूराव, बेत काय?” आणि तिघेही वह्या उघडून लिहून घ्यायला बसले. मी पूल जाळण्याचा बेत सांगितला. बेत उत्तम होता. त्यात आम्ही पुलाच्या कोणत्या बाजूला असावे, एवढेच ठरवायचे राहून गेले होते.

त्या रात्री, बाकीचे भाजल्या जागी लेप लावत असताना, धोंडूने पट्टा काढून आमच्या सामानाच्या खेचराच्या कपाळावर बांधला, कारण त्याला तो शोभेल असे धोंडूला वाटले. खेचराची बुद्धी पुस्तकाप्रमाणे 2. सकाळी त्याने स्वतःच्या पाठीवरचे ओझे एकदा आणि आम्हा चौघांकडे एकदा नीट पाहिले आणि चालायला नकार दिला. आता निम्मे सामान आम्ही उचलतो. मांत्रिकाने नकाशा पसरला की खेचर पुढे येते, त्याच्या खांद्यावरून वाकून पाहते, आणि त्याने मान हलवली की आम्ही त्या वाटेने जात नाही.