नाही म्हणायची खोड कशी घालवावी

फोन, टीव्ही, प्रिंटर यांच्यावर तुमची सारखी चिडचिड होत असेल, तर त्या बिचाऱ्या यंत्रांना बोल लावू नका. खोड तुमची आहे. कोणी काही विचारले की आपल्याला 'नाही' म्हणता येते, असे तुम्ही अजून धरून चालता. ही खोड रांगत्या वयात लागते, शाळेत थोडी कमी होते आणि नोकरी लागल्यावर बहुतेकांची सुटते. ज्यांची तरीही सुटत नाही त्यांचे इंटरनेटवर फार हाल होतात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सुरुवात सोप्या व्यायामापासून करू. कुठलीही वेबसाइट उघडा. बातमीचा मथळा जेमतेम दिसतोय तोच खालून एक पडदा सरसरत वर येईल. त्यावर लिहिलेले असेल, 'तुमची प्रायव्हसी आमच्यासाठी मोलाची आहे.' हे अगदी खरे आहे; मोल किती, एवढेच ते सांगत नाहीत. खाली दोन बटणे. एक ठसठशीत निळे: 'सर्व स्वीकारा'. दुसरे राखाडी, त्यावरची अक्षरेही राखाडी: 'पर्याय पाहा'. नवशिके हमखास दुसरे दाबतात. मग उघडते भागीदार कंपन्यांची यादी. अंगठा दुखेपर्यंत सरकवा, संपत नाही. प्रत्येक नावापुढे एक खटका. सगळे खटके बंद आहेत हे पाहून तुम्ही सुस्कारा सोडता, आणि शेजारच्या टॅबवर 'वैध हितसंबंध' (म्हणजे तुमची परवानगी न विचारता माहिती वापरायचा कायदेशीर आधार) अशा मथळ्याखाली तीच मंडळी पुन्हा बसलेली दिसतात, या खेपेस खटके चालू करून. एकेक खटका बंद करत तळ गाठलात की तिथे परत दोन बटणे: 'निवड जतन करा' आणि 'सर्व स्वीकारा'. अंगठा जिथे आपोआप पडतो तिथे यातले कोणते असते, हे ओळखायला बक्षीस नाही.

२०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने नेमक्या याच कारणावरून गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावला. कुकीज, म्हणजे वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या पाळतीच्या खुणा, स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, हे म्हणे बरोबर नाही. दंडाचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. राखाडी बटणाची विद्या एवढ्याने बुडत नाही. उद्या त्या बटणावर 'नको' लिहायची सक्ती झालीच, तर 'नको, मला पैसे वाचवण्यात रस नाही' असे लिहायला कोणाची ना आहे? असे बटण दाबायला चारचौघांत लाज वाटते, आणि एकट्याने दाबतानाही वाटते, हीच त्यातली कारागिरी. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये अशा नमुन्यांचा संग्रह करायला वेबसाइटच काढली आणि त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हटले. हेतू त्यांची लाज काढण्याचा होता. पण पुढची प्रगती पाहता बऱ्याच जणांनी ती पाठ्यपुस्तक म्हणून वाचली असावी.

दुसरा धडा 'नंतर'चा. अपडेट करू का? नोटिफिकेशन पाठवू का? तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना बोलावू का? उत्तरे दोनच: 'हो' आणि 'आत्ता नको'. 'कधीच नको' हे उत्तर प्रश्नपत्रिकेत छापलेलेच नाही. तुम्ही 'आत्ता नको' म्हणता ते विषय टाळण्यासाठी. ॲप मात्र ते मनापासून खरे मानते आणि सांगितल्या वेळी हजर होते. इतका शब्दाचा पक्का माणूस तुमच्या ओळखीत नसेल. रेटिंगचेही तसेच. ॲप उघडून तीन मिनिटे झालेली नसतात, तोच विचारणा होते, 'आम्ही तुम्हाला आवडलो का?' 'हो' म्हणालात तर थेट ॲप स्टोअरच्या पाच ताऱ्यांपाशी नेऊन सोडतात. 'नाही' म्हणालात तर एक कोरा चौकोन उघडतो, 'काय चुकले ते आम्हाला सांगा' असा. तो तुम्ही भरायचा, पाठवायचा आणि विसरायचा. जगाला फक्त तारे दिसतात.

काही चलाख लोक म्हणतील, आम्ही हो-नाहीच्या भानगडीत पडत नाही, कोपऱ्यातली फुली दाबतो. त्यांनी २०१६ चा मे महिना आठवावा. मायक्रोसॉफ्टला तेव्हा सगळ्यांनी विंडोज १० घ्यावे असे फार वाटत होते, तेही फुकट. आग्रहाची खिडकी वारंवार उघडे आणि लोक फुली दाबून ती घालवत. मग फुलीचाच अर्थ बदलला. खिडकी पूर्वीसारखीच निघून जाई. अपग्रेड मात्र ठरल्या वेळी होई. सकाळी चहाचा कप घेऊन बसावे तर समोर वेगळाच कॉम्प्युटर. आपण जरा अतीच केले, असे कंपनीच्या मार्केटिंगप्रमुखाने त्याच वर्षाच्या अखेरीस मान्य केले. मला ते पटले नाही. पाहुणा उठायला लागला की दाराला बाहेरून कडी घालणारा यजमान निदान आग्रही तरी म्हणवतो.

आणि फुलीही न दाबता गप्प बसलात तर? मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडचे जुने वचन आहे. कंपन्यांनी फक्त त्याचा अटी-शर्तींत अंतर्भाव केला. 'मी वरील सर्व वाचले आहे' यापुढे खूण करताना तुमचा हात थरथरत असेल, तर स्वतःला एवढेच सांगा की वाचणे शक्यच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला: आपण जातो त्या प्रत्येक वेबसाइटचे प्रायव्हसी धोरण खरोखर वाचायचे, तर वर्षाला माणशी सुमारे २४४ तास लागतील. तेव्हा स्मार्टफोन नुकते कुठे आले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १ एप्रिलला, गेमस्टेशन या ब्रिटिश गेमविक्रेत्याने आपल्या अटींमध्ये 'तुमच्या अमर आत्म्यावर आमचा हक्क' असे एक कलम घातले. नकाराची सोय होती, आणि नकार देणाऱ्याला पाच पौंडांचे व्हाउचरही. तरी सुमारे ७,५०० गिऱ्हाइकांनी आत्मा देऊन टाकला. कंपनीने पुढे आपला दावा सोडला. लोकेशन आणि कॉन्टॅक्टवरचा दावा इतक्या सहजी कोणी सोडल्याचे कानावर नाही.

आता मुख्य प्रकरण: सबस्क्रिप्शन रद्द करणे. हे करू नका. करायचेच असेल तर सुट्टी काढा.

फ्री ट्रायल घेताना कार्डाचा नंबर दिला होता, 'फक्त पडताळणीसाठी'. घेण्याचे बटण पहिल्याच स्क्रीनवर होते, तळहाताएवढे. सोडण्याचे शोधायला प्रोफाइलमध्ये जा, तिथून अकाउंट, तिथून मेंबरशिप, तिथून 'प्लॅन व्यवस्थापन', आणि तिथे पानाच्या तळाशी, मदतकेंद्राच्या दुव्याच्याही खाली, बारीक अक्षरांत ते सापडेल. ते मोबाइलवर नसते. कॉम्प्युटरवरून या म्हणतात. आलात? आधी 'तुम्ही काय काय गमावणार आहात' हे सचित्र पाहा. मग कारण सांगा. कारण दिल्याशिवाय पुढचे बटण उजळत नाही. 'महाग वाटते' म्हणालात तर तीन महिने अर्ध्या किमतीत. (म्हणजे इतके दिवस दुप्पट घेत होते का, हा प्रश्न मनात आणू नका.) 'वापर होत नाही' म्हणालात तर महिनाभर स्थगिती, महिना संपला की पैसे कापणे आपोआप सुरू, त्याची आठवण मात्र तुम्ही ठेवायची. हे सगळे ओलांडून शेवटच्या स्क्रीनवर पोहोचलात की तिथे विचारतात, 'तुम्हाला नक्की रद्द करायचे आहे?' आणि खाली दोन बटणे: 'रद्द करा' आणि 'पुढे जा'. आता रद्द काय होणार, सबस्क्रिप्शन की रद्द करणे? आणि पुढे म्हणजे कुठे? भल्याभल्यांची बोटे इथे अडखळली आहेत.

ॲमेझॉनने प्राइम रद्द करण्याच्या आपल्या वाटेला कंपनीत 'इलियड' असे नाव ठेवले होते. दहा वर्षे चाललेल्या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याचे नाव. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये तक्रार दाखल करताना त्या वाटेची मोजदादही दिली: चार पाने, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सप्टेंबर २०२५ मध्ये हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटले. याच कमिशनने २०२४ मध्ये असाही नियम केला होता की सबस्क्रिप्शन जितक्या सहज घेता येते तितक्याच सहज सोडता आले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये, नियम पूर्ण लागू व्हायला काही दिवस असताना, आवश्यक ती प्रक्रिया पाळली नाही या कारणावरून अपील न्यायालयाने तो रद्द केला. रद्द करणे सोपे करणारा नियम एका फटक्यात रद्द झाला. त्याला कोणी कारण निवडायला लावले नाही, की अर्धी किंमत देऊ केली नाही.

यावरून नकार जगातून नाहीसा झाला, असा समज करून घेऊ नका. तो फक्त पलीकडच्या बाजूला गेला आहे. यंत्राला तुम्ही 'नाही' म्हणू शकत नाही. यंत्र तुम्हाला दिवसभर म्हणते. पासवर्ड टाका. चूक आहे म्हणते. परत टाका. चूक. बरे, विसरलो म्हणून नवा ठेवायला जा: एक कॅपिटल अक्षर हवे, एक आकडा हवा, एक चिन्ह हवे, पण हे चिन्ह चालणार नाही. शेवटी वैतागून आधीचाच टाका. 'हा तुमचा सध्याचा पासवर्ड आहे, दुसरा निवडा.' या कवायतीचे बरेचसे श्रेय बिल बर यांना जाते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी २००३ मध्ये पासवर्डच्या सूचना लिहिल्या, चिन्हे घाला आणि ठरावीक दिवसांनी बदला अशा. २०१७ मध्ये निवृत्तीनंतर त्यांनी त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेनेही त्या सूचना मोडीत काढल्या. तुमच्या ऑफिसात ती बातमी अजून वाटेत असेल.

पण नकाराचा खरा मानकरी प्रिंटर. एक पानी अर्ज छापायचा आहे, काळ्या अक्षरांत. काळी शाई आहे. कागद आहे. वेळ नाही. प्रिंटर म्हणतो, निळी संपली. अहो, अर्जात निळे काही नाही! असू दे, निळी संपली. घाईघाईने दुसऱ्या कंपनीचे स्वस्त कार्ट्रिज आणून बसवाल, तर १३ सप्टेंबर २०१६ ध्यानात ठेवा. त्या दिवशी एचपीच्या कित्येक ऑफिस प्रिंटरांनी आदल्या दिवसापर्यंत बिनतक्रार चालणारी परक्या बनावटीची कार्ट्रिज अचानक ओळखेनाशी केली. बिघाड नव्हता, फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आधीच घालून ठेवलेली तारीख उजाडली होती, इतकेच. आणि शाई वर्गणीने घरपोच मिळण्याच्या योजनेत तर सगळा गोडवा शेवटी आहे: वर्गणी थांबवलीत की प्रिंटरमधले भरलेले कार्ट्रिजही काम थांबवते. आत शाई डुचमळत असते, प्रिंटर तुमचा, टेबल तुमचे, वीज तुमची. फक्त शाई त्यांची.

विकत घेतलेली वस्तू आपली, हा गैरसमजही याच खोडीच्या पोटी येतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, आणि जुलैपासून लोकांनी रोख मोजून घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, हे मान्य केले पाहिजे. ज्यांनी समासात टिपणे लिहिली होती त्यांना वर २५ डॉलरही. कुणाची टिपणे कितीची, या वादात कंपनी पडली नाही.

नकार अगदीच मिळत नाही असेही नाही. विकत मिळतो. प्राइम व्हिडिओचे पैसे भरून सिनेमे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या प्रेक्षकांना २०२४ च्या जानेवारीपासून मध्येमध्ये जाहिराती दिसू लागल्या, आणि 'नको' म्हणण्याचा दर जाहीर झाला: महिना २.९९ डॉलर. मला हा व्यवहार सगळ्यांत स्वच्छ वाटतो. राखाडी बटण नाही, लाज नाही, महाकाव्य नाही.

तरीही काही हट्टी वाचक शेवटचा बेत मनात ठेवून असतील: काहीच करायचे नाही, कार्डाची मुदत संपू द्यायची, मग कसे कापतात पाहू. बेत चांगला आहे, फक्त तुमच्याआधी तो कार्डकंपन्यांना सुचला. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही त्यासाठी खास सेवा आहे. त्यात सामील असलेल्या बँकेने नवे कार्ड काढले की नवा नंबर आणि नवी मुदत वर्गणी घेणाऱ्या दुकानदारांपर्यंत आपसूक पोहोचते. तुमचे कार्ड अजून टपालात असते, आणि मनःशांती शिकवणाऱ्या ज्या ॲपचे नावही तुम्ही विसरलात, त्याला त्याचा नंबर पाठ झालेला असतो.