वायरमनची निवृत्ती साठीला येत नाही

पेन्शनच्या बहुतेक सगळ्या योजना साठीपासून सुरू होतात. गुडघे तेवढं थांबत नाहीत. घोड्यावर (उंच लाकडी-लोखंडी स्टँडवर) उभं राहून मान वर करून पाइप टाकायचे, कटरने भिंती कापायच्या, उकिडवं बसून बोर्ड लावायचे. पन्नाशीनंतर यातलं निम्मं काम पोरांवर सोडावं लागतं आणि कमाई त्या मानाने उतरते. वायरमन, प्लंबर, फरशीवाले यांनी आधी या मधल्या आठ-दहा वर्षांची सोय बघावी. साठीनंतरचं मागून.

त्यासाठी पीपीएफ, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत उघडायचं सरकारी बचत खातं, सोयीचा. पस्तिशीत खातं उघडलं की पन्नास-एक्कावन्नला रक्कम हातात येते, कारण १५ वर्षं मोजतात ती खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, त्यामुळे पावसाळ्यात काम बसलं तरी अडत नाही. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर मिळतं, तेव्हा ५ तारखेच्या आत भरा. महिना ३,००० भरले आणि व्याज ७.१ टक्केच राहिलं, तर साडेनऊ लाखांच्या आसपास जमतात. शिवाय दुकानदाराची उधारी कोर्टात गेली तरी या खात्यावर जप्ती येत नाही. धंदेवाल्याला हे व्याजापेक्षा मोलाचं.

साठीनंतर दरमहा ठरलेली रक्कम देणारी सरकारची अटल पेन्शन योजना जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. तिशीत सुरू केली तर ५,००० च्या पेन्शनला महिना ५७७ रुपये. महागाई ६ टक्के धरली तर तीस वर्षांनी त्या ५,००० ला आजच्या पावणेनऊशेची किंमत. जेमतेम एक सिलिंडर! चाळिशीनंतर दार बंद, आणि ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यालाही प्रवेश नाही.

आता खरं दुखणं. पैसा साठत नाही, कारण गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स आणि आपली मजुरी एकाच खात्यात पडते. वायरचे ४०,००० आले, त्यातून घरभाडं गेलं, मग वायर पुढच्या साईटच्या ॲडव्हान्समधून आणायची. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि शिल्लक किती हे कुणालाच सांगता येत नाही. मालाचे पैसे गिऱ्हाइकाने थेट दुकानदाराला द्यावेत, तुम्ही फक्त मजुरीचं बिल करावं. उलाढालही फुगत नाही. सेवांना जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे आणि माल धरून ती पटकन ओलांडते. मजुरी जमा झाली की त्याच दिवशी दहा टक्के दुसऱ्या खात्यात. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही.

बिल्डर किंवा कंपनी बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो तुमच्या पॅनवर पडून असतो, रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. कर बसत नसेल तरी रिटर्न भरा. तो अटल पेन्शनच्या आड येत नाही, आणि कर्ज काढताना उत्पन्नाचा पुरावा होतो.

आणि परवाना. महावितरणच्या नव्या कनेक्शनला लायसन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. चाळिशीच्या आत सुपरवायझर आणि ठेकेदारीचे कागद पुरे केले, तर शिडी सुटल्यावरही देखरेख आणि टेस्टिंगचं काम राहतं. सही मात्र स्वतः मेगर (वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघितलेल्या कामावरच करा. न बघता सह्या विकणारे आहेत. आग लागली की चौकशीत पहिलं नाव त्यांचं निघतं.