पॅकेज सहा लाखाचं, पण महिन्याचं काय?

गावात पारावर बसलं की एकच गोष्ट, अमक्याच्या पोट्ट्याले पुण्यात सहा लाखाचं पॅकेज लागलं. आता आपला हिशोब पडला हंगामाचा. कृषी केंद्रातून बी-खत उधारीवर उचलायचं, कापूस विकला की बाकी चुकती करायची, उरलं त्यात लग्नकार्य. वर्षाचा पैसा एकदम पाहायची सवय, म्हणून सहा लाख लय वाटतात. तिकडं घरमालकाले पाच तारखेच्या आत भाडं लागते, तो काही दिवाळीपर्यंत थांबत नाही बाप्पा.

माझा लहान भाऊ पुण्यात वाकडले राहते, नोकरी हिंजवडीत. त्याचा हिशोब मी कागदावर मांडून घेतला. सहा लाखात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा सगळं धरलेलं असते, वरून व्हेरिएबल, म्हणजे काम पाहून द्यायचा पैसा, तो भेटला तर भेटला. मग याच्या वाट्याचा पीएफ कटते, प्रोफेशनल टॅक्स महिन्याले 200 अन् फेब्रुवारीत 300. इन्कम टॅक्स लागत नाही तेवढं बरं. हातात येतात 42 हजार. वन बीएचकेचं भाडं 17, मेंटेनन्स दीड, पोरीची शाळा अन् व्हॅन मिळून साडेसहा, किराणा-दूध-गॅस दहाच्या खाली येतच नाही, अन् पेट्रोल, लाइट बिल, वायफाय, रिचार्ज धरून पाच. राहिले किती ते तुम्हीच काढा, अजून कोणी आजारी पडलं नाही आहे.

खरा घोळ करारनाम्याचा. अकरा महिने झाले की भाडं वाढते, अन् मालक म्हणाला खाली करा तर नवीन डिपॉझिट, एजंटले एक महिन्याचं भाडं, टेम्पो, हे सगळं एकाच महिन्यात. जुनं डिपॉझिट रंगरंगोटीच्या नावानं कापून, तेही नंतर भेटते.

दिवाळीले गावी यायचं तर रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडते अन् पाहता पाहता वेटिंगवर जाते. ट्रॅव्हल्सनं एसटीच्या दीडपटीवर भाडं घेऊ नये असा सरकारचा नियम आहे, दिवाळीत मोजतो कोण. इतकं करून तो आला की लोक म्हणतात, घरी दोन हजार बी देत नाही!

आम्ही तुरीची डाळ, ज्वारी, तिखट चुंगडीत बांधून ट्रॅव्हल्सनं पाठवतो. त्यावर बी काही जण हसतात, पुण्यात दुकानं नाहीत काय म्हणून. हसा. तेवढा त्याचा किराणा वाचते. अन् वावर विकून फ्लॅटचं डाऊन पेमेंट भरायचा सल्ला देणाऱ्यायनं पुढचा वीस वर्षांचा हप्ता कोण भरणार तेही सांगाव. मी त्याले सांगून ठेवलं, तीन महिन्याचं भाडं बाजूला पडल्याबिगर घरी एक रुपया पाठवू नको. आईले हे पटलं नाही, अजून बी नाही.

पोरीवाल्यायनं बी पॅकेज विचारू नये, हातात किती येते अन् भाडं किती जाते ते विचारावं. ज्याले माझं पटत नसन त्यानं आपल्या पोराची सॅलरी स्लिप मागून पाहावी, मग बोलू.