फ्लॉरेन्सची भाऊबंदकी आणि व्हॉट्सॲपवरचा पोप

एक संदेश सध्या जोरात फिरतोय, खाली इटलीतल्या एका जुन्या इमारतीचा फोटो. मजकूर असा: मध्ययुगात इटली दोन गटांत विभागली होती. ग्वेल्फ म्हणजे पोपचे, सगळे व्यापारी. गिबेलिन म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाचे, सगळे सरदार. एका मोडलेल्या सोयरिकीवरून भांडण पेटलं आणि कवी दांतेला गिबेलिन म्हणून हाकललं.

सोयरिकीपासून सुरू करू, कारण तो भाग अगदीच खोटा नाही. 1216 च्या ईस्टरला बुओंदेल्मोंते नावाच्या तरुणाचा फ्लॉरेन्सच्या पोंते वेक्किओ पुलाजवळ खून झाला. अमिदेईंच्या मुलीशी ठरलेलं लग्न त्याने मोडलं होतं. पण फ्लॉरेन्समध्ये ग्वेल्फ-गिबेलिन ही नावं रुळली ती पुढे, 1240 च्या आसपास, सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि पोप यांचं हाडवैर पेटल्यावर. भावकीची भांडणं आधीपासून होतीच. प्रत्येक घराण्याचा दगडी मनोरा, वरून शेजाऱ्यावर दगडांचा मारा. 1250 मध्ये सत्तेवर आलेल्या लोकपक्षाने हे मनोरे 50 हातांपर्यंत छाटायला लावले. पोप-सम्राटाच्या पाट्या या भांडणांवर नंतर लागल्या.

‘व्यापारी विरुद्ध सरदार’ हे तर फारच सोपं करून सांगणं झालं. सिएना सावकारांचं शहर, पिसा दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, आणि दोन्ही गिबेलिन! 4 सप्टेंबर 1260 रोजी मोंतापेर्तीला सिएनाने फ्लॉरेन्सचा धुव्वा उडवला, तेव्हा फ्लॉरेन्समधून हाकललेले गिबेलिन सिएनाच्या बाजूने आपल्याच शहराविरुद्ध लढले. उलट बुओंदेल्मोंती आणि दोनाती ही जुनी सरदार घराणी ग्वेल्फ होती. 1293 च्या ‘न्यायाच्या अध्यादेशां’नी बड्या घराण्यांना नगरशासनाच्या सर्वोच्च पदांपासून दूर ठेवलं, तेव्हा त्या यादीत दोन्ही गटांतली घराणी होती.

आता पोप. पुढे ग्वेल्फांची सरशी होऊन गिबेलिन शहराबाहेर गेल्यावर फ्लॉरेन्समध्ये शांतता नांदली का? छे! 1300 च्या सुमारास विजयी ग्वेल्फच फुटले. काळे ग्वेल्फ दोनातींचे, गोरे ग्वेल्फ चेर्कींचे. चेर्की म्हणजे नवश्रीमंत सावकार, दोनाती खानदानी पण पैशाने उतरलेले. दोघे जवळचे शेजारी. पोप आठव्या बोनिफासने काळ्यांना हात दिला आणि हाकललेले गोरे ग्वेल्फ जाऊन मिळाले ते गिबेलिनांना. याहून मजेशीर म्हणजे, 1375 ते 1378 अशी तीन वर्षं याच ग्वेल्फ फ्लॉरेन्सने थेट पोप अकराव्या ग्रेगरीशी युद्ध केलं. पोपने शहरातले धार्मिक विधी बंद पाडले, तरी फ्लॉरेन्स स्वतःला ग्वेल्फच म्हणवत राहिलं.

दांतेची गोष्ट मात्र पार उलटी सांगितली जातेय. त्याचं घराणं ग्वेल्फ. 1289 मध्ये काम्पाल्दिनोच्या लढाईत तो ग्वेल्फांच्या घोडदळात होता. 1300 च्या उन्हाळ्यात दोन महिने तो शहराच्या सर्वोच्च मंडळावर होता, आणि त्या मंडळाने दोन्ही ग्वेल्फ गटांच्या पुढाऱ्यांना हद्दपार केलं. त्यांत दांतेचा जिवलग मित्र गुइदो काव्हाल्कांतीही होता. 1302 च्या जानेवारीत काळ्या ग्वेल्फांनी दांतेवर ठपका ठेवला तो सरकारी पदावर राहून पैसे खाल्ल्याचा. मार्चमध्ये शिक्षा वाढली: शहराच्या हाती लागला तर जिवंत जाळायचं. पुढे वनवासात तो सम्राट सातव्या हेन्रीकडे आशेने पाहू लागला, आणि बहुधा तिथूनच ‘दांते गिबेलिन’ ही समजूत आली असावी.

राहिला फोटो. त्याखाली लिहिलंय की तटाच्या चर्या चौकोनी असल्या तर ग्वेल्फ, पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या असल्या तर गिबेलिन. फोटो आहे फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्किओचा, म्हणजे ग्वेल्फांच्याच सरकारवाड्याचा. जरा मोठा करून बघा: खालच्या सज्जावर चौकोनी चर्या, आणि वर मनोऱ्यावर पाकोळीच्या शेपट्या.